जाम झालेल्या गिअरबॉक्सची सोडवणूक

शेंदूरजनाघाट, वरूड, मोर्शी ह्या आमच्या संत्र्याच्या मुलखांत एखाद्या जुन्या बागेंत गेलें असतां, गोठ्याच्या आडोशाला अथवा बाभळीखालीं उभी असलेली जुनी जीपगाडी अजूनहि कधीं कधीं दृष्टीस पडते. एके काळीं हीच गाडी मृग बहाराचीं संत्रीं भरून चिखलांतून वाट काढीत होती. पुढें घरांत नवी गाडी आली, ही बाजूला राहिली. आणि दोन-चार पावसाळे लोटल्यावर कोणी तिला हात लावला तों चाक हलेना व गिअरचा दांडा जागचा सरकेना. अशा वेळीं घरोघरीं एकच उपाय सुचविला जातो : ‘गाडी गिअरमध्यें घाला, ट्रॅक्टरला दोर बांधा आणि एक हिसका द्या, आपोआप सुटेल!’ हा उपाय सांगावयास सोपा आणि पाहावयास मजेचा आहे. परंतु त्या हिसक्यानें दांते मोडतात, बिडाची पेटी तडकते, आणि जी गाडी दुरुस्त होण्याजोगी होती ती भंगाराच्या तराजूवर चढते. गंजानें धरलेली वस्तु केवळ जोरानें सुटत नाहीं. तिला कोठें व कशानें धरलें आहे हें आधीं ओळखावें लागतें, आणि मग तिला वेळ द्यावा लागतो. हें कसें करावें, तें विद्यार्थ्यांना व ज्यांच्या दारीं अशी गाडी उभी आहे त्या पालकांनाहि उपयोगी पडेल अशा रीतीनें येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम ह्या गाडीची थोडी ओळख करून घेऊं. जीपगाडी ही दुसऱ्या महायुद्धाची संतति होय. इ. स. १९४१ पासून १९४५ पर्यंत अमेरिकेंतील विलिस व फोर्ड ह्या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या लष्करासाठीं बांधल्या. युद्ध संपल्यावर हीच गाडी शेतकऱ्याच्या कामाला लावण्यांत आली. आपल्या देशांत १९४५ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें, जी पुढें महिंद्र अँड महिंद्र ह्या नांवानें प्रसिद्ध झाली, १९४७ पासून मुंबईस विलिस जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. पुढें कित्येक वर्षे ह्याच घडणीच्या गाड्या देशांतील खेड्यापाड्यांतून धांवत राहिल्या. त्यांच्या गिअरबॉक्सची रचना साधी, भक्कम व उघडून पाहतां येण्याजोगी आहे. म्हणून शिकणारासाठीं तिच्यासारखें दुसरें उदाहरण नाहीं.

गिअरबॉक्स म्हणजे काय? इंजिन जलद फिरतें, पण त्याचा पीळ, म्हणजे फिरविण्याचा जोर, मर्यादित असतो. युद्धकाळांतील जीपच्या इंजिनाचा अधिकांत अधिक पीळ सुमारें १४२ न्यूटन-मीटर होता. सपाट रस्त्यावर तेवढा पुरतो. परंतु भरलेली गाडी सातपुड्याच्या चढणीस लागली म्हणजे तो पुरत नाहीं. तेव्हां लहान दांतेरी चाकानें मोठें दांतेरी चाक फिरवून वेग कमी करावयाचा व त्याच्या मोबदल्यांत पीळ वाढवावयाचा, हीच गिअरची युक्ति होय. युद्धानंतरच्या जीपमध्यें पुढें जाण्याचे तीन गिअर असत. पहिल्या गिअरमध्यें इंजिनाचे सुमारें २.८ फेरे होतात तेव्हां मागील दांड्याचा एक फेरा होतो. तिसऱ्यांत दोहोंची गति सारखीच. चाकें सरकवून गिअर बदलण्याची ही तऱ्हा फ्रान्समधील पानार व लव्हासोर ह्यांच्या गाड्यांत १८९१ च्या सुमारास आली. धांवत्या चाकांची गति एकमेकांस जुळवून देणारी व खडखडाट थांबविणारी योजना १९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडीनें आणली. जीपच्या दुसऱ्या व तिसऱ्या गिअरला ही योजना असून तिच्यांत पितळी कडीं असतात. ह्या कड्यांचें नांव ध्यानांत ठेवावें, कारण पुढें तेल निवडतांना तीं आड येणार आहेत.

आतां ह्या सगळ्याला जाम करणाऱ्या गंजाकडे वळूं. शाळेच्या प्रयोगशाळेंत तीन परीक्षानळ्या घेऊन हा प्रयोग करतां येतो. पहिलींत साधें पाणी घालून त्यांत लोखंडी खिळा अर्धा बुडवावा. दुसरींत पाणी चांगलें उकळून त्यांतील हवा घालवावी, खिळा पूर्ण बुडवावा व वर तेलाचा थर द्यावा. तिसरींत कॅल्शियम क्लोराइड टाकून हवा कोरडी करावी व नळीचें तोंड बुचानें बंद करावें. आठ दिवसांनीं पाहिलें असतां पहिल्याच खिळ्याला गंज चढलेला आढळतो. ह्यावरून असें सिद्ध होतें कीं, लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायु हे दोन्ही एकत्र लागतात. एकट्याचें कांहीं चालत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, जितकें लोखंड गंजतें त्याच्या दुपटीहून अधिक जागा त्याचा गंज व्यापतो. गिअरबॉक्समधील दांडा व त्याचें छिद्र ह्यांच्यामध्यें मिलिमीटरच्या कांहीं शतांशांइतकीच फट असते. तेवढ्या फटींत हा फुगलेला गंज भरला म्हणजे त्यानें पाचर मारल्यासारखेंच होतें. लोखंड नाहींसें होऊन गाडी अडत नाहीं. लोखंडाचें रूप बदलून तें जागा अडवितें म्हणून अडते.

तेलानें भरलेल्या बंद पेटींत पाणी येतें कोठून, असा प्रश्न कोणी विचारील. जीपच्या गिअरचा दांडा बहुधा सरळ पेटीच्या झांकणांतून वर येतो व त्याच्या बुडाशीं रबराची टोपी असते. उन्हानें ती टोपी फाटली व गाडीवर कापडी टप नसला तर पावसाचें पाणी दांड्यावरून ओघळत थेट आंत उतरतें. शिवाय दिवसा पेटींतील हवा तापून बाहेर पडते, रात्रीं थंड होऊन ओलसर हवा आंत ओढली जाते, आणि थंड लोखंडावर तिचे थेंब जमतात. एका रात्रीचा थेंब क्षुल्लक. पण थेंबे थेंबे तळें साचतें. पाणी तेलाहून जड असल्यामुळें तें तळाशीं बसतें व खालचीं दांतेरी चाकें त्यांत उभीं राहतात. वरच्या भागांवरून तेल निथळून गेल्यामुळें तेहि उघडे पडतात. अशा रीतीनें पेटी खालून व वरून अशी दोहों बाजूंनीं गंजते.

ह्यांत आमच्या भागाचें एक विशेष कारण जोडावें लागेल. संत्र्याच्या झाडांना लावण्याच्या बोर्डो मिश्रणासाठीं मोरचुदाचीं पोतीं बागेंतील खोपटांत असतात व पुष्कळदां तीं जुन्या गाडींतच ठेवलीं जातात. मोरचुदाच्या द्रावणांत लोखंडी खिळा बुडविला तर त्याच्यावर तांब्याचा लालसर थर चढतो आणि तितकें लोखंड विरघळून जातें, हें विद्यार्थी रसायनशास्त्राच्या तासाला पाहतातच. गाडीच्या लोखंडावर ओल्या मोरचुदाचा परिणाम ह्याहून निराळा होत नाहीं. रासायनिक खतांचे क्षारहि ओलावा धरून गंज वाढवितात. तेव्हां गाडीला कोठार करूं नये, हा पहिला नियम.

आतां प्रत्यक्ष कामाकडे येऊं. पाना हातीं घेण्यापूर्वीं खरोखर गिअरबॉक्सच जाम आहे काय, ह्याची खात्री करावी. गाडी सपाट जागीं घेतलेली असावी, चाकांना पुढून व मागून लांकडी पाचरी द्याव्या, आणि गाडीखालीं जावयाचें असल्यास ती केवळ जॅकवर न ठेवतां लोखंडी घोड्यांवर किंवा भक्कम लांकडी ओंडक्यांवर टेकवावी. विटांवर भरंवसा ठेवूं नये; वीट भार पडतांच एकाएकीं फुटते. विद्यार्थ्यांनी वडील माणूस जवळ असल्याखेरीज गाडीखालीं जाऊं नये. गाडी दहा वेळां दुरुस्त करतां येते. खालीं सांपडलेल्या माणसाविषयीं तसें म्हणतां येत नाहीं.

ह्यानंतर पुढील व मागील चाकांकडे जाणारे दोन्ही लांब दांडे सोडवावे आणि पाचरी काढून गाडी हळूच लोटून पाहावी. तरीहि चाकें फिरलीं नाहींत तर दोष ब्रेकच्या ड्रममध्यें किंवा चाकांच्या मधल्या गोळ्यांत आहे. गिअरबॉक्सचा त्यांत कांहीं अपराध नाहीं. गाडी मोकळी लोटली गेली तर पुन्हां पाचरी द्याव्या व दोष मध्यें शोधावा. पण येथेंहि एक फसवी जागा आहे. ह्या जुन्या जीपांत हातब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सला मागून जोडलेल्या दुसऱ्या लहान पेटीच्या शेवटीं, एका ड्रमवर बसविलेला असतो. हातब्रेक ओढून गाडी वर्षानुवर्षे उभी ठेवली असेल तर त्याचा पट्टा ड्रमला गंजून चिकटतो, आणि सारा गिअरबॉक्सच जाम झाल्याचा भास होतो. तो पट्टा सैल करून त्याच्या कडेनें लांकडी ठोकळ्यानें हलके ठोकले असतां कित्येकदां काम तेथेंच संपतें. दुसरा भास क्लचचा. क्लचची तबकडी इंजिनाच्या जड चाकाला चिकटली असली म्हणजे इंजिन चालू असतांना गिअर पडत नाहीं. मात्र इंजिन बंद असतां तोच दांडा बिनतक्रार सरकतो. हा फरक ज्यानें ध्यानांत घेतला त्याचें पुष्कळ श्रम वांचतील.

सर्व शंका फिटून दोष गिअरबॉक्सचाच ठरला, तर तळाचें बूच सोडवून खालीं भांडें ठेवावें आणि प्रथम काय बाहेर येतें तें नीट पाहावें. आधीं स्वच्छ पाणी व मागून तेल आलें तर पाणी तळाशीं साचून होतें. ताकासारखा पांढुरका द्रव आला तर पाणी व तेल एकमेकांत घुसळलें गेलें आहे. बुचाला लागून चकचकीत कीस आला तर दांते झिजले आहेत. तुकडे आले तर तुटले आहेत. वैद्य नाडी पाहतो त्याप्रमाणें गाडी दुरुस्त करणारानें हें भांडें पाहावें. नंतर झांकण काढावें. बहुतेक गाड्यांत गिअर सरकविणारे कांटे झांकणाबरोबरच वर येतात. कधीं कधीं गंज ह्या कांट्यांच्या सळयांतच असतो व खालचीं चाकें मोकळीं असतात. तसें आढळल्यास झांकण निराळें काढून तेवढेंच भिजवावें. पेटी उतरविण्याचें कारण नाहीं.

चाकेंच अडकलीं असतील तर भिजवण द्यावयाची. डिझेल व पातळ गिअर-तेल निमेनिम मिसळून तें पेटींत वरच्या चाकांपर्यंत भरावें आणि आठ ते पंधरा दिवस तसेंच राहूं द्यावें. दिव्याच्या वातींत तेल ज्या शक्तीनें वर चढतें त्याच केशाकर्षणानें हें पातळ मिश्रण गंजाच्या बारीक भेगांत शिरतें. बाहेरच्या नट-बोल्टांसाठीं निमें पातळ गिअर-तेल व निमें अॅसिटोन हें मिश्रण फार गुणकारी असतें. परंतु अॅसिटोन अतिशय ज्वालाग्राही आहे व रंग आणि रबर खातें, म्हणून तें उघड्या जागीं, विस्तवापासून दूर, थेंबाथेंबानें वापरावें. रोज सकाळ-सायंकाळ पुढील दांडा हातानें थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे असा हलवून पाहावा. पहिले कांहीं दिवस तो हलणारच नाहीं. मग एके दिवशीं केसभर हलेल. तेव्हां हर्षानें जोर करूं नये; परत मागें न्यावा व पुन्हां पुढें आणावा. मागें-पुढें करण्यानें गंजाचा चुरा होतो व तेल आंत शिरतें. एकाच दिशेनें रेटल्यास तोच चुरा पुढें दाबला जाऊन पुन्हां पाचर बसते. ज्यांनी जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून तो फुटण्याची वाट पाहिली आहे त्या आमच्या कलमें करणाऱ्या लोकांस, कांहीं कामें घाईनें होत नाहींत, हें निराळें सांगावयास नको.

येथें लांब नळी लावून जोर करण्याचा मोह होतो. त्याचा हिशेब करूं. ६० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य एक मीटर लांबीच्या नळीच्या टोंकावर सारा भार देऊन उभा राहिला तर सुमारें ५८८ न्यूटन-मीटर पीळ उत्पन्न होतो. म्हणजे ज्या दांड्यानें आयुष्यभर इंजिनाचा १४२ न्यूटन-मीटर पीळ सोसला त्याच्यावर एकाएकीं चौपट भार आला! कणखर पोलाद कदाचित् तें सोसील. पेटीचें बीड सोसणार नाहीं. बीड वांकत नाहीं, तडकतें. आणि तडकलेलें बीड पूर्ववत् सांधणें हें कसलेल्या कारागिरालाहि अवघड असतें. म्हणून एका हाताच्या पान्यानें जितका जोर बसतो तितकाच करावा. ठोकावयाचें असल्यास लोखंडी हातोडीचा घाव थेट दांड्यावर न घालतां मध्यें पितळी तुकडा धरावा; पितळ मऊ असल्यामुळें तें स्वतः चेपतें व दांड्याचें तोंड वांचवितें.

तरीहि न सुटल्यास उष्णतेची मदत घ्यावी. पण ज्वाळेची नव्हे. पेटींत डिझेल भरलेलें असतां तिच्याजवळ दिवटी नेणें म्हणजे आगीला आमंत्रण होय. आंतील मिश्रण प्रथम पूर्ण काढून घ्यावें, आणि ज्या ठिकाणीं बेअरिंग बसलेलें असेल तेथें पेटीवर बाहेरून उकळतें पाणी बेतानें ओतावें; तें आंत जाऊं देऊं नये. २५ मिलिमीटर व्यासाचें लोखंडी छिद्र ७० अंशांनीं तापलें असतां सुमारें ०.०२ मिलिमीटरनें मोठें होतें. ही वाढ साध्या कागदाच्या जाडीच्या पांचव्या हिश्श्याएवढी. पण गंजाची पकड ढिली करण्यास ती पुष्कळदां पुरते. पेटी तापली व दांडा अद्याप थंड आहे, तेवढ्या अवधींतच दांडा हलवून पाहावा. दोन्ही सारखे तापले म्हणजे दोन्ही सारखेच वाढतात व लाभ जातो.

चाकें सुटल्यावर पेटी उतरवून सारे भाग निराळे करावे व कोणता भाग कोठून निघाला तें वहींत लिहून ठेवावें. वरवरचा गंज काढण्यास लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अम्ल, उत्तम. हें अम्ल स्वीडनमधील शेले ह्या रसायनशास्त्रज्ञानें १७८४ सालीं लिंबाच्या रसांतून स्फटिकरूपानें वेगळें केलें. आमच्या संत्र्याच्या आंबटपणाचें कारणहि तेंच. एक लिटर पाण्यांत ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यांत गंजलेले साधे भाग कांहीं तास ठेवावे, ब्रशानें घासावे, सोड्याच्या पाण्यांत धुवावे, आणि पूर्ण वाळवून तत्काळ तेल लावावें. नाहींतर उघडें पडलेलें लोखंड तासाभरांत पुन्हां तांबूस दिसूं लागतें. कठीण पाण्याचीं दांतेरी चाकें व स्प्रिंगा मात्र अम्लांत फार वेळ ठेवूं नयेत, कारण अम्लामुळें उत्पन्न होणारा हायड्रोजन पोलादांत शिरून त्याला ठिसूळ करतो. त्या डिझेलनें धुवून हातानें घासणेंच बरें.

आतां निवड करावी. दांत्यांच्या पाठीवरचा तांबूस डाग चालेल. परंतु जेथें दांत्याला दांता घासतो त्या तोंडावर खोल खड्डे पडले असतील तर तें चाक टाकावें. बेअरिंगच्या बाबतींत दयामाया नको. त्याच्या गोळ्यांवर किंवा कड्यावर नखाला लागणारा खड्डा असला तर तें बदलावें. कारण पन्नास रुपये वांचविण्याच्या नादांत पेटी पुन्हां उघडावी लागते. तेलाचीं सीलें व झांकणाखालचा कागदी पुठ्ठाहि नवा घालावा.

जोडणी झाल्यावर तेल भरतांना पितळी कड्यांची आठवण ठेवावी. बाजारांत जी-एल-५ ह्या वर्गाचें तेल सहज मिळतें व तें ‘अधिक भारी’ म्हणून दिलें जातें. त्यांतील गंधकाचीं द्रव्यें अधिक प्रमाणांत असल्यामुळें कालांतरानें पितळ खाल्लें जाण्याचा धोका असतो. जुन्या जीपच्या गिअरबॉक्सला जी-एल-४ वर्गाचें ८०-९० अंकाचें तेल योग्य. गिअरबॉक्स व त्याच्या मागची लहान पेटी ह्यांच्यामधून तेल इकडून तिकडे पाझरण्याची ह्या गाडीला जुनी खोड आहे. म्हणून दोहोंचीहि पातळी तपासावी. मग चारी चाकें अधांतरीं ठेवून इंजिन मंद चालवावें व एकेक गिअर टाकून पाहावा. शेंपन्नास किलोमीटर गाडी चालल्यावर हें तेल काढून नवें घालावें. उरलेला गंजाचा चुरा त्याबरोबर निघून जातो.

शेवटीं पालकांस एक विनंति. गाडी सुधारावयाची किंवा मोडींत द्यावयाची, हा निर्णय झांकण उघडून पाहिल्यानंतर घ्यावा, आधीं नव्हे. पेटी तडकलेली असेल व निम्मीं चाकें खड्ड्यांनीं भरलेलीं असतील तर तींत पैसा ओतणें शहाणपणाचें नाहीं. चांगले उरलेले भाग दुसऱ्या गाडीच्या उपयोगीं पडतील, एवढें समाधान मानावें. पण पेटी शाबूत असेल तर मुलांस ह्या कामांत सोबत घ्यावें. तरफ, उष्णतेनें होणारें प्रसरण, केशाकर्षण व लोखंडाचें गंजणें हे चार निरनिराळे धडे पुस्तकांत दूर दूर छापलेले असतात. येथें ते एकाच पेटींत जवळ जवळ सांपडतात. आणि ज्यांची गाडी अद्याप चालू आहे त्यांनी महिन्यांतून एकदां ती थोडी फिरवावी, फाटलेली रबराची टोपी पावसाळ्यापूर्वीं बदलावी, आणि उभ्या गाडीचा हातब्रेक ओढून न ठेवतां चाकांना पाचरी द्याव्या. एवढी काळजी घेतली तर पंधरा दिवसांची भिजवण करण्याची पाळीच येणार नाहीं.